पांढरे बूट: रंगवण्यापासून धुण्यापर्यंत

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की पांढरे बूट घरी कसे साफ करायचे यात इतिहास तो कसला? प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एका दृश्यापासून करू.

शुक्रवारची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा, मैदानावर सामुदायिक कवायत, आणि पांढरा गणवेश. मोरीच्या कडेला कॅनव्हासचे बूट ठेवलेले. कुणाकडे बाजारातलं पांढरं पॉलिश असायचं, बाटलीच्या टोकाला स्पंज लावलेलं. बाकीच्यांकडे खडू. वर्गातून आणलेले खडूचे तुकडे पाण्यात कालवायचे आणि जुन्या दातांच्या ब्रशनं तो लेप बुटांना फासायचा.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या आईनं त्याचे बूट साबणानं घासून स्वच्छ धुतले होते. पण ते जुने होते, धुऊन पिवळट पडलेले. शनिवारी तपासणी झाली आणि त्याला रांगेबाहेर उभं केलं. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी बूट धुतलेच नव्हते, चिखलावरूनच खडू फासला होता. आम्ही सगळे पास. म्हणजे ज्याचे बूट स्वच्छ होते तो नापास आणि ज्यांचे घाण होते ते पास! तेव्हा आम्हाला यात काही खटकलं नाही. आज खटकतं. आणि आजचं व्याख्यान त्याच गोष्टीबद्दल आहे. पांढरं असणं आणि स्वच्छ असणं या दोन गोष्टी एक कधी झाल्या? की झाल्याच नाहीत?

थोडं मागे जाऊ. पांढऱ्या बुटांच्या निगेची मुळं लष्करात आहेत, आणि तीही आधी पट्ट्यांत, मग बुटांत. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश सैनिकाच्या छातीवर दोन रुंद पांढरे पट्टे आडवे जात असत. कंपनी सरकारच्या हिंदी शिपायांनाही तसेच पट्टे होते. हे पट्टे जाड कातड्याचे. कातडं काही आपोआप पांढरं राहत नाही. मग ते पांढरं ठेवायचं कसं? तर पाइपक्ले नावाच्या पांढऱ्या मातीनं. तंबाखू ओढायच्या चिलमी ज्या मातीच्या बनत, तीच ही माती. ती पाण्यात भिजवायची, पट्ट्याला लावायची, वाळू द्यायची, मग घासून सारखी करायची. पाऊस आला की सगळं ओघळून अंगरख्यावर. मग पुन्हा पहिल्यापासून.

हे काम इतकं वेळखाऊ होतं, की इंग्रजीत ‘पाइपक्ले’ हा शब्दच लष्करातल्या पोकळ टापटिपीसाठी वापरला जाऊ लागला. लढाई राहिली बाजूला, पट्टा पांढरा आहे ना, एवढंच बघायचं. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या पद्धतीत मळ काढला जात नाही, मळ झाकला जातो. पट्टा धुतलेला नसतो, रंगवलेला असतो.

हिंदुस्थानातल्या धुळीनं आणि उन्हानं या पांढऱ्या रंगाची परीक्षा घेतली. १८४० च्या दशकात वायव्य सरहद्दीवर हॅरी लम्सडेन यानं उभारलेल्या ‘गाइड्स’ पलटणीनं मातकट रंगाचे कपडे वापरायला सुरुवात केली. त्या रंगाला आपण खाकी म्हणतो. खाक म्हणजे धूळ, राख. १८५७ च्या धामधुमीत अनेक गोऱ्या पलटणींनी आपले उन्हाळी पांढरे कपडे हाताला लागेल त्या गोष्टीत बुडवून मळकट करून घेतले. पांढरं कापड लांबून दिसतं आणि गोळी खातं, हे कळायला वेळ लागला नाही. म्हणजे बघा, रणांगणावर पांढरा रंग हरला. पण कवायतीच्या मैदानावर, बँडमध्ये, नौदलात आणि खेळांत तो टिकून राहिला. जिथे जीव धोक्यात नाही आणि कुणीतरी आपल्याकडे बघतंय, अशा सगळ्या जागी.

१८८० च्या दशकात शेफील्ड शहरातल्या पिकरिंग कंपनीनं ‘ब्लँको’ नावाची वडी बाजारात आणली. ओल्या स्पंजनं वडीवरून घासायचं आणि पट्ट्यावर लावायचं. माती कालवायचा त्रास वाचला. हीच वडी पुढे बुटांवर आली, कारण तोवर खेळांचे बूट पांढरे होऊ लागले होते. लॉन टेनिसचा खेळ १८७४ पासून रुजला. त्यात पांढरा पोशाख शिष्टसंमत ठरला, एक कारण हे की पांढऱ्यावर घामाचे डाग कमी दिसतात. क्रिकेटमध्येही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तपकिरी बूट मागे पडले आणि पांढरे रूढ झाले. हे बूट बरेचदा हरणाच्या मऊ, लव असलेल्या कातड्याचे असत. असं कातडं पाण्यात बुडवून धुता येत नाही, ते कडक होतं. म्हणून पुन्हा तोच उपाय: वरून लेप.

आता प्रश्न असा, की हा लेप लावायचा कुणी? साध्या सैनिकाला स्वतःच लावावा लागे. अधिकाऱ्याचे बूट त्याचा ऑर्डर्ली करी. पुण्याच्या, खडकीच्या, देवळालीच्या छावण्यांतल्या बंगल्यांत हे काम नोकरांकडे असे. म्हणजे पांढरा बूट ज्याच्या पायात, त्याच्या हाताला सहसा पांढरा लेप लागलेला नसायचा. एवढा पांढरा बूट मी रोज घालू शकतो, याचाच अर्थ माझ्याकडे तो पांढरा ठेवणारं कुणीतरी आहे. या रंगाची खरी ऐट ही होती.

आपल्याकडे तर त्यात आणखी एक पदर होता, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चामडं आणि स्पर्श. आपल्या समाजानं मेलेल्या जनावराचं कातडं सोलणं, कमावणं, शिवणं ही कामं ठरावीक जातींवर लादली आणि मग त्या कामासाठी त्यांनाच अस्पृश्य ठरवलं. पायताण उंबऱ्याबाहेर. बुटाला हात लागला तर हात धू, मग घरात ये. अशा घरात बूट साफ करणं हे ‘घरचं’ काम होणं अवघडच होतं.

इथे पळवणकर बाळू यांची आठवण काढली पाहिजे. १८७६ साली धारवाडमध्ये जन्मलेला, चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. वडील लष्करात नोकरीला. मुलगा आधी पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात आणि मग गोऱ्यांच्या पूना क्लबात मैदान राखायच्या कामावर लागला. जाळं लाव, खेळपट्टी तयार कर, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाक. त्याची गोलंदाजी बघून हिंदूंच्या संघाला त्याला खेळवावंच लागलं. मैदानात तो सगळ्यांच्या बरोबरीनं, सगळ्यांसारख्या पांढऱ्या पोशाखात. पण चहाच्या वेळी इतर खेळाडू आत, चिनी मातीच्या कपात, आणि बाळूला चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ साली पहिल्या अखिल भारतीय संघाबरोबर तो इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात त्यानं शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहोत. पांढरा पोशाख सगळ्यांना सारखं करतो, असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. बाळूच्या अंगावर तोच पोशाख होता. पण त्यानं चहाचा कप काही एक झाला नाही.

मग बूट घरातल्या मोरीत आला कसा? याचं उत्तर रबरात आहे. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करायची युक्ती सापडली आणि १८४४ साली त्याचं पेटंट त्याला मिळालं. त्याआधीचं रबर उन्हाळ्यात वितळे आणि थंडीत तडके. आता रबराचा तळवा जाड सुती कापडाला कायमचा जोडता येऊ लागला. इंग्लंडमध्ये समुद्रकिनाऱ्यावर फिरण्यासाठी असे स्वस्त कापडी बूट निघाले. त्यांना ‘प्लिमसोल’ म्हणत. जहाजावर किती माल भरायचा हे दाखवणारी जी प्लिमसोल रेषा असते, तिच्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. कापड आणि रबर यांच्या जोडावर एक पट्टी असते. पाणी त्या पट्टीच्या वर गेलं की पाय ओला!

हा बूट चामड्याचा नव्हता, हा यातला कळीचा मुद्दा. कापड धुता येतं. आणि आपल्याकडे कापड धुण्याला विटाळ नव्हता.

झेकोस्लोव्हाकियातल्या बाटा कंपनीनं १९३१ साली कोलकात्याजवळ कोन्नगर इथे काम सुरू केलं आणि १९३४ पासून हुगळीच्या काठी बाटानगर वसायला लागलं. कापड-रबराचे स्वस्त बूट इथेच मोठ्या संख्येनं बनू लागले. ते शाळांत शिरले, कवायतीच्या तासाला बंधनकारक झाले. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांच्या पायात आलेला पहिला बूट बहुतेक हाच. आणि तो साफ करायला ना ऑर्डर्ली होता, ना नोकर. आई होती, नाहीतर आपण स्वतः. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांत पायताणाला हात लावायचा नाही असा दंडक होता, त्या घरांत मुलांच्या बुटांचा जोड कपड्यांच्या बादलीशेजारी आला. कुणी भाषण केलं नाही, ठराव केला नाही. याचं श्रेय फुगवून सांगायला नको, जात काही कॅनव्हासनं गेली नाही. पण एक सवय मोडली, एवढं नक्की.

आता गंमत अशी, की बूट धुण्याजोगा झाला तरी शाळेनं नियम जुनाच ठेवला. छावणीतला. बघणाऱ्याला पांढरा दिसला पाहिजे. म्हणून आपण खडू फासत राहिलो.

हा लेप काम कसा करतो, तेही समजून घेऊ. पाइपक्ले ही माती. आपला शाळेतला खडू बहुतेक वेळा जिप्समचा. दात घासायच्या पांढऱ्या पावडरीत कॅल्शियम कार्बोनेट. ती पावडरही कैक घरांत बुटांना लागलेली आहे. तिन्ही पदार्थ वेगळे, युक्ती एकच. बारीक कण प्रकाश चहूकडे विखुरतात आणि आपल्याला पांढरं दिसतं. पण हे कण कापडाला चिकटून राहत नाहीत. म्हणून दोन पावलं टाकली की पायाखाली पांढरा धुरळा, आणि पावसाची सर आली की पांढरे ओघळ थेट मोज्यांवर. बाजारातल्या पांढऱ्या पॉलिशमध्ये रंगद्रव्याबरोबर चिकटवणारा पदार्थही असतो, म्हणून ते जास्त टिकतं. आजच्या पांढऱ्या रंगांचा राजा म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याचं व्यापारी उत्पादन पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आणि नॉर्वेत सुरू झालं. तो ज्या खनिजापासून काढतात ते इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही सापडतं, आणि दिसायला ते काळंकुट्ट असतं. काळ्या वाळूतून जगातला सगळ्यांत पांढरा रंग!

पण लेपाचा तोटा असा, की थरावर थर चढत जातो. खालचा मळ तसाच. कापडाची वीण बुजते, बूट कडक होतो, घडीवर भेगा पडतात आणि मग ते पापुद्रे सुटतात. तेव्हा धुण्याकडे वळू.

धुणं सोपं वाटतं, पण त्यालाही इतिहास आहे. साध्या साबणाचं जड पाण्याशी पटत नाही. पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची साय बनते आणि ती करडी साय कापडात अडकते. आपल्या पठारावरच्या कितीतरी विहिरींचं आणि बोअरचं पाणी जड आहे. म्हणजे आई कितीही घासो, बूट मळकटच दिसणार, दोष तिच्या हाताचा नव्हे. आपल्याकडे १९५९ साली सर्फ आलं, १९६९ साली निरमा आली. या धुण्याच्या पावडरी जड पाण्यातही चालतात. पण त्या अल्कधर्मी असतात. नीट खळबळून काढल्या नाहीत, आणि बूट तसाच उन्हात ठेवला, की पिवळे डाग पडतात. त्या मुलाच्या बुटांचं बहुधा हेच झालं होतं.

पिवळेपणावर आपल्याकडचा जुना उपाय नीळ. रेकिटची असो की रॉबिनची. कृत्रिम निळा रंग बनवायची रीत १८२८ च्या सुमारास युरोपात सापडली आणि तो स्वस्त झाला. नीळ पिवळेपणा काढत नाही. पिवळ्याच्या जोडीला निळा आला, की डोळ्याला पांढरं वाटतं. आजच्या पावडरींत असणारी चमकवणारी द्रव्यं हेच करतात. उन्हातला न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून ती निळसर प्रकाश बाहेर टाकतात. म्हणजे आपण धुतो म्हणतो, त्यातही थोडं रंगवणं असतंच. हे कबूल केलं पाहिजे.

मग घरी करायचं काय? श्रोत्यांनी आधीच विचारून ठेवलंय, तेव्हा सांगून टाकू. चिखल ओला असताना घासू नका, तो विणीत आणखी आत जातो. वाळू द्या, मग कोरड्या ब्रशनं झटका. नाड्या काढून वेगळ्या भिजवा. कॅनव्हास असेल तर कोमट पाणी, थोडी पावडर आणि मऊ ब्रश. मग पाणी बदलून तीन-चार वेळा खळबळा. सगळं इथे आहे. अगदी शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं तर उरलेला अल्क मारला जातो. वाळवायचं सावलीत, वाऱ्यावर. वरून पांढरा टिश्यू कागद गुंडाळा. कापडातलं पाणी बाहेर येऊन उडून जाताना मळाचा अंश पृष्ठभागावर आणून सोडतं. कागद असला की तो डाग कागदावर पडतो. आत कोंबायला वर्तमानपत्र नको, शाई लागते. रबराची कड टूथपेस्टनं निघते. चामड्याचा पांढरा बूट मात्र बुडवायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा.

आणि ब्लीच. ब्लीचनं पांढरं होतं ही समजूत अर्धीच खरी आहे. सुती धागा त्यानं कमकुवत होतो आणि आजच्या बुटांतले कृत्रिम धागे, फोम, डिंक उलट पिवळे पडतात. शिवाय ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. व्हिनेगर वापरायचं तर ब्लीच नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

आज पांढरा बूट पुन्हा चलतीत आहे. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या जितेंद्रनं तो हिंदी पडद्यावर ऐटीत मिरवला होता. आता तो ऑफिसात, लग्नात, सगळीकडे. विम्बल्डनमध्ये २०१३ साली रॉजर फेडररच्या बुटांचे तळवे नारिंगी होते, तर ते पुन्हा घालू नयेत असं त्याला सांगण्यात आलं. पुढच्या वर्षी नियम आणखी कडक झाला, तळवे आणि नाड्यासुद्धा पांढऱ्याच हव्यात. पाइपक्लेची तपासणी काही संपलेली नाही.

पण आपल्या घरात, आपल्या शाळांत ती तशीच चालवायची का, हे आपल्या हातात आहे. आजचे श्रोते शिक्षक असतील, पालक असतील. शनिवारी रांगेत एखाद्या मुलाचे बूट पिवळट दिसले, तर वाकून बघा. वीण मोकळी आहे का? नाडी धुतलेली आहे का? खडूचा धुरळा नाही ना? तसं असेल, तर त्या घरात काल रात्री कुणीतरी ते बूट मन लावून धुतलेत. त्या मुलाला रांगेबाहेर काढू नका. आमच्या वर्गातला तो मुलगा त्या दिवशी तास संपेपर्यंत उन्हात उभा होता, आणि आम्ही त्याच्या समोरून खडू उडवत कवायत करत होतो.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.